औषध थांबविण्याचेही शास्त्र असते

आपल्याकडे व्रत घेताना संकल्प सोडतात आणि व्रत पुरे झाले की त्याचे उद्यापन करतात. मध्येच कंटाळा आला म्हणून व्रत टाकून देणे शिष्टसंमत मानले जात नाही. एकादशीचा उपवास करणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी पारणे कसे फेडावे याचे काही नियम असतात. श्रद्धेचा भाग बाजूस ठेवला तरी या रीतीत एक व्यावहारिक शहाणपण आहेच. जी गोष्ट दीर्घकाळ शरीराच्या आणि मनाच्या अंगवळणी पडली, ती धरताना जेवढा विचार करावा लागतो तेवढाच सोडतानाही करावा लागतो. नैराश्यावरील औषधांच्या बाबतीत मात्र आधुनिक वैद्यकाने संकल्पाचा विधी तपशीलवार लिहिला आणि उद्यापनाचे पान जवळजवळ कोरे ठेवले. त्या कोऱ्या पानाची किंमत रुग्ण आणि त्यांची कुटुंबे मोजीत आली आहेत.

प्रश्न थोडक्यात असा आहे. नैराश्याची औषधे वर्षानुवर्षे घेतलेली व्यक्ती ती थांबविते. कधी डॉक्टरांच्या सल्ल्याने, बहुधा स्वतःच्याच मनाने. दोन-तीन दिवसांत तिला चक्कर येऊ लागते, झोप उडते, मळमळते, विनाकारण रडू कोसळते किंवा संताप अनावर होतो; डोक्यात विजेचा बारीक झटका बसावा तशी विचित्र संवेदना होते. अनेकांच्या बाबतीत हे सारे दोन-चार आठवड्यांत ओसरते. परंतु काहींच्या बाबतीत ते महिनोन् महिने रेंगाळते. घरचे म्हणतात, आजार उलटला. डॉक्टरही पुष्कळदा तेच म्हणतात आणि गोळी पुन्हा सुरू होते, कित्येकदा वाढीव मात्रेत. वस्तुतः आजार उलटलेला असतोच असे नाही. शरीर केवळ नव्या स्थितीशी जुळवून घेत असते आणि त्याला पुरेसा अवधी मिळालेला नसतो.

जगात चाललेला वाद

हा प्रश्न नवा नाही. स्वित्झर्लंडमधील रोलांड कून यांनी इमिप्रामीन या औषधाचा नैराश्यावरील गुण १९५७ साली जगापुढे मांडला, आणि पुढील दोन-चार वर्षांतच ते एकाएकी बंद केल्यास त्रास होतो अशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागल्या. १९८७ अखेर अमेरिकेत फ्लुओक्सेटीनला परवानगी मिळाली आणि त्यापाठोपाठ सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीन, व्हेन्लाफॅक्सीन, एस्सिटॅलोप्रॅम अशी औषधांची मालिका आली. ही औषधे जुन्यांपेक्षा सुरक्षित होती, त्यांचा प्रसार झपाट्याने झाला, आणि ती थांबविल्यावर होणाऱ्या त्रासाला १९९० च्या दशकात एक सौम्य नाव देण्यात आले. व्यसनी पदार्थ सोडताना होतो तो ‘विथड्रॉअल’, आणि येथे मात्र ‘डिसकंटिन्युएशन सिंड्रोम’! नाव बदलले की वस्तू बदलते असा समज सरकारी कचेऱ्यांत आढळतो. वैद्यकही त्यापासून मुक्त नव्हते. पुढील दोन दशके हा त्रास सौम्य असतो, आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप जातो, असेच पाठ्यपुस्तके सांगत राहिली.

ही समजूत प्रथम डळमळीत केली ती रुग्णांनी. इंग्लंडमध्ये २०१७-१८ या एका वर्षात सुमारे ७३ लाख प्रौढांना, म्हणजे दर सहांपैकी एकाला, नैराश्यावरील औषध लिहून दिले गेले होते. एवढ्या मोठ्या समुदायाचा अनुभव फार काळ दाबून ठेवता येत नाही. २०१९ साली तेथील रॉयल कॉलेज ऑफ सायकिॲट्रिस्ट्स या संस्थेने आपली भूमिका बदलली आणि काही रुग्णांना हा त्रास तीव्र स्वरूपात व दीर्घकाळ होऊ शकतो हे मान्य केले. २०२२ साली ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने नैराश्याच्या उपचारांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांत औषध टप्प्याटप्प्याने कसे कमी करावे याला स्वतंत्र स्थान मिळाले.

तरीही वाद मिटलेला नाही. २०१९ च्या एका आढाव्यात औषध थांबविणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांना त्रास होतो असा निष्कर्ष होता. जून २०२४ मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’त प्रसिद्ध झालेल्या जर्मन संशोधकांच्या आढाव्याने ७९ अभ्यासांतील २१ हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र केली. त्यात खरे औषध थांबविलेल्यांपैकी ३१ टक्क्यांना काही ना काही त्रास झाला, आणि ज्यांची निव्वळ पिठाची गोळी थांबविली त्यांपैकीही १७ टक्क्यांना झाला. म्हणजे निव्वळ भीतीचा वाटा वजा केला तर सहा-सात जणांमागे एकाचा त्रास औषधामुळे, आणि पस्तिसांत एकाचा त्रास तीव्र. जुलै २०२५ मध्ये दुसऱ्या एका मोठ्या आढाव्याने तर असे म्हटले की, पहिल्या दोन आठवड्यांत सरासरी एखादेच जादा लक्षण दिसते. यावर टीकाकारांनी ताबडतोब बोट ठेवले ते एका साध्या गोष्टीवर: या आढाव्यातील बहुतेक रुग्णांनी औषध घेतले होते ते अवघे दोन-तीन महिने. ज्याने दहा वर्षे औषध घेतले त्याचा अनुभव दोन महिने घेणाऱ्याच्या अनुभवावरून मापणे म्हणजे खाडीच्या पाण्यावरून समुद्राची खोली ठरविण्यासारखे आहे.

या वादातून सामान्य वाचकाने घ्यावयाचा बोध असा की, दोन्ही बाजूंकडे सत्याचा अंश आहे. औषध थांबविणाऱ्या बहुसंख्यांना मोठा त्रास होत नाही, हे खरे. परंतु जे दीर्घकाळ घेतात, अधिक मात्रेत घेतात आणि एकाएकी थांबवितात त्यांचा धोका वेगळा आहे, हेही तितकेच खरे. आणि लाखो लोक औषध घेत असतील तर पस्तिसांत एक हा आकडाही लहान राहत नाही.

बेलवलीहून पाहिले असता

लंडन-बर्लिनच्या या चर्चेचा आपल्याशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर बदलापुरातील बेलवलीसारख्या वस्तीत उभे राहून शोधावयास हवे. एकेकाळचे हे खेडे आता शहराचा भाग झाले आहे. मुंबईत जागा परवडत नाही म्हणून कल्याणच्या पुढे, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर असा सरकत आलेला कनिष्ठ मध्यमवर्ग येथे घर घेऊन राहतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर स्थानक सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. जाण्यायेण्यात रोज तीन तास किंवा अधिक खर्ची पडतात. घराचे हप्ते, अपुरी झोप, गाडीतील गर्दी आणि कामावरील लेटमार्क यांच्या जात्यात भरडल्या जाणाऱ्या माणसाला नैराश्य किंवा चिंतारोग जडला, तर त्यात आश्चर्य मानावयाचे कारण नाही.

आता अशा एखाद्या कारकुनाची किंवा शिक्षिकेची कल्पना करावी. प्रथम घराजवळचा डॉक्टर झोपेसाठी गोळी देतो. पुढे कोणाच्या तरी सांगण्यावरून कल्याणला अथवा ठाण्याला मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे होते. औषध सुरू होते आणि चार-सहा आठवड्यांत गुण येतो. हा गुण खरा असतो, हे आवर्जून सांगितले पाहिजे. ज्याला सकाळी अंथरुणातून उठण्याची इच्छा उरली नव्हती तो पुन्हा कामावर जाऊ लागतो, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्यानंतर काय? पुन्हा दाखवावयास जायचे म्हणजे एक रजा, डॉक्टरांची फी आणि अर्धा दिवस रांगेत. मग जुनी चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून पट्टी आणली जाते. ही औषधे कायद्याने ‘शेड्यूल एच’मध्ये मोडतात, म्हणजे डॉक्टरांच्या वैध चिठ्ठीविना ती विकता येत नाहीत. परंतु एकच चिठ्ठी किती वर्षे वापरली जाते, याची चौकशी करण्यास दुकानदाराला सवड नसते आणि गिऱ्हाइकाला इच्छा नसते. सहा महिन्यांसाठी लिहिलेले औषध अशा रीतीने सहा वर्षे चालते.

मग एके दिवशी ते थांबते. थांबण्याची कारणे वैद्यकीय नसतात, ती सांसारिक असतात. मुलीचे लग्न ठरले की सासरी कळू नये म्हणून गोळ्या बंद होतात. दिवस राहिले की घाबरून बंद होतात. नोकरी जाते, औषध महाग वाटू लागते. कोणी नातेवाईक सांगतो की, मेंदूच्या गोळ्या आहेत, आयुष्यभराची सवय लागेल. किंवा माणसाला बरे वाटू लागलेले असते आणि बऱ्या माणसाने औषध कशाला घ्यावयाचे, असे त्याला वाटते. यांपैकी कोणत्याही प्रसंगी, ‘मी हे थांबवू इच्छितो, कसे थांबवू?’ असा प्रश्न डॉक्टरला विचारला जात नाही.

कधी कधी तर थांबविणाराही कोणी नसतो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली, हे वाचकांना आठवत असेल. उल्हास नदी फुगली की या पट्ट्याचा मुंबईशी संबंध तुटतो. मार्च २०२० मध्ये उपनगरी गाड्या बंद झाल्या, त्या सर्वसामान्य प्रवाशांसाठी, तेही ठराविक वेळांपुरत्या, फेब्रुवारी २०२१ मध्ये उघडल्या. ज्याचा डॉक्टर मुंबईत आणि ज्याच्या डब्यात दोनच गोळ्या शिल्लक, त्याच्या दृष्टीने अशी घटना म्हणजे सक्तीने औषध तोडणे होय. व्हेन्लाफॅक्सीन किंवा पॅरोक्सेटीन यांसारखे औषध रक्तातून लवकर निघून जाते. त्याच्या एक-दोन मात्रा चुकल्या तरी त्रास जाणवू शकतो. फ्लुओक्सेटीनचा अंश मात्र शरीरात काही आठवडे टिकतो आणि म्हणून त्याचा निरोप तुलनेने सुखाचा असतो. आपण घेतो ती गोळी या दोहोंपैकी कोणत्या जातीची, हे घेणाऱ्याला माहीत असणे एवढीही माहिती आपल्याकडे दिली जात नाही.

शेवटची पायरी सर्वांत उंच

मात्रा कमी करण्याची जी पद्धत सर्रास सांगितली जाते, तीतच एक दोष आहे. दहा मिलिग्रॅमची गोळी पाच केली, पंधरा दिवसांनी बंद केली, झाले! वरवर पाहता ही उतरण सरळ दिसते. परंतु औषधाचा मेंदूवरील परिणाम मात्रेच्या सरळ प्रमाणात चालत नाही. सेरोटोनिन या द्रव्याची उचल करणाऱ्या ज्या प्रथिनाला ही औषधे अडवून धरतात, त्याचे मापन मेंदूच्या प्रतिमांवरून झालेले आहे. सिटॅलोप्रॅमची २० मिलिग्रॅमची मात्रा यांपैकी सुमारे ८० टक्के जागा अडविते. मात्रा चौथाईवर, पाच मिलिग्रॅमच्या आसपास आणली, तरी सुमारे ६० टक्के जागा अडलेल्याच राहतात. म्हणजे पहिले पंधरा मिलिग्रॅम काढल्याने फरक पडतो वीस टक्क्यांचा, आणि शेवटचे पाच काढल्याने साठ टक्क्यांचा. जिन्याच्या वरच्या पायऱ्या बोटभर उंचीच्या आणि शेवटची पुरुषभर उंचीची असावी, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच पहिले टप्पे निर्वेध पार पडलेला माणूस शेवटी कोसळतो आणि स्वतःलाच दोष देतो.

मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या लंडनमधील दोघा संशोधकांनी २०१९ साली हे गणित मांडून असे सुचविले की, मात्रा जसजशी लहान होईल तसतशी कपातही लहान करावी आणि दीर्घकाळ औषध घेतलेल्यांनी त्यासाठी आठवडे नव्हे, महिने द्यावेत. सूचना तर्कशुद्ध आहे. अडचण व्यवहाराची आहे. एस्सिटॅलोप्रॅमची गोळी आपल्या बाजारात पाच मिलिग्रॅमच्या खाली सहसा मिळत नाही. माणूस ती सुरीने कापतो; तुकडे सारखे पडत नाहीत. कोणी एक दिवसाआड गोळी घेतो, आणि लवकर उतरणाऱ्या औषधाच्या बाबतीत त्यामुळे शरीराला एक दिवस भरती, एक दिवस ओहोटी सोसावी लागते. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत औषधनिर्मितीला लागणारी रसायने तयार करणारे कारखाने आहेत. त्या कारखान्यांच्या सावलीत राहणाऱ्याला आपले औषध मोजून कमी करता येईल एवढ्या लहान मात्रेची गोळी मिळू नये, हा विसंवाद दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

आपल्याकडील आणखी एक गुंतागुंत परदेशी चर्चेत फारशी येत नाही. नैराश्याचे औषध आणि क्लोनाझेपाम हे शामक द्रव्य एकाच गोळीत घालून विकण्याची पद्धत येथे लोकप्रिय आहे. ती घेणाऱ्याला आपण दोन औषधे घेत आहो याची पुष्कळदा कल्पनाही नसते. क्लोनाझेपामची शरीराला खरोखरच सवय लागते. दीर्घकाळ घेऊन ते एकाएकी बंद केले तर झोप उडणे, थरथर, तीव्र भीती आणि प्रसंगी आकडीसुद्धा येऊ शकते. अशी जोडगोळी एकदम सोडणारा दोन वाहनांतून एकाच वेळी उडी टाकीत असतो. तिच्यातील दोन द्रव्ये वेगळी करून, कोणते आधी व कोणते नंतर कमी करावयाचे हे ठरविणे हे डॉक्टरचेच काम आहे.

उलटलेला आजार की उतरते औषध?

सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे. त्याचे निरपवाद उत्तर नसले तरी काही खुणा सांगता येतात. औषध कमी केल्यावर दोन-चार दिवसांतच त्रास सुरू झाला; त्यात चक्कर, मळमळ, डोक्यातील झटके यांसारखी, मूळ आजारात कधीच नसलेली लक्षणे असली; आणि पूर्वीची मात्रा पुन्हा घेताच दोन-तीन दिवसांत आराम पडला, तर तो बहुधा औषध उतरण्याचा त्रास समजावा. उलट, आजार परततो तो सावकाश, काही आठवड्यांनी वा महिन्यांनी. त्यात जुनीच खिन्नता जुन्याच चालीने येते आणि औषध पुन्हा सुरू केल्यावर गुण येण्यास पहिल्याइतकाच अवधी लागतो.

या खुणा माहीत नसल्या की काय होते, ते पाहण्यासारखे आहे. चक्कर येते म्हणून मानेचा एक्स-रे निघतो. छाती धडधडते म्हणून कार्डिओग्राम निघतो. पोट बिघडते म्हणून तिसरा डॉक्टर, चौथी गोळी. खर्च वाढतो, रजा संपतात आणि घरात ‘याला काही झालेले नाही, हा सोंग करतो’ असा सूर निघू लागतो. गर्दीच्या लोकलमध्ये दारात उभ्या असलेल्या माणसाला येणारी चक्कर ही सोंगाची बाब नाही. ती प्राणावर बेतू शकते.

ज्यांचा त्रास महिनोन् महिने टिकतो त्यांची अवस्था अधिक कठीण. औषध रक्तातून काही दिवसांत जाते. परंतु वर्षानुवर्षे औषधाच्या उपस्थितीत आपली रचना बदलून बसलेली मज्जासंस्था पूर्ववत होण्यास अधिक काळ घेते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. लैंगिक संवेदना बोथट होण्याचा परिणाम औषध थांबविल्यानंतरही काहींमध्ये टिकून राहू शकतो, याची नोंद औषधाच्या माहितीपत्रकात करावी, अशी शिफारस युरोपीय औषध संस्थेने २०१९ साली केली. या विषयावर आपल्या समाजात पती-पत्नीही एकमेकांशी बोलत नाहीत. मग ते डॉक्टरशी कोठून बोलणार? परिणामी दोष औषधाला न जाता संसाराला जातो.

अशा रेंगाळणाऱ्या त्रासावर रामबाण इलाज नाही. पण काही गोष्टी उपयोगी पडतात. त्रास असह्य असेल आणि औषध सोडून फार दिवस झाले नसतील, तर डॉक्टरच्या सल्ल्याने अल्प मात्रा पुन्हा सुरू करून अधिक सावकाश उतरता येते. तारीख, मात्रा, झोप आणि लक्षणे यांची साध्या वहीत नोंद ठेवली तर कळते की, त्रास लाटांसारखा येतो आणि दोन लाटांमधील अंतर हळूहळू वाढत जाते. वाईट दिवशी एवढे कळणे हाही आधार असतो. झोपेची वेळ सांभाळावी, मद्य वर्ज्य करावे, प्रत्येक लक्षणावर नवी गोळी घेण्याचा मोह टाळावा. शिक्षकाने परीक्षांच्या दिवसांत आणि लेखा विभागातील कारकुनाने मार्चअखेर मात्रा कमी करू नये. घरातील एका तरी माणसाला सारे ठाऊक असावे. आणि जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र हा त्रास कशाचा याची चिकित्सा करीत न बसता त्याच क्षणी मदत घ्यावी. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असून तिच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे

या विषयावर लिहू नये, असे काही डॉक्टरांचे प्रामाणिक मत आहे. ते समजून घेतले पाहिजे. ‘निम्हान्स’ने १२ राज्यांत केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ उपचारांविनाच राहतात. ज्या देशाची मुख्य समस्या औषध न मिळणे ही आहे, तेथे औषध सोडण्याच्या त्रासाची चर्चा केली तर उरलेले पंधराही पळून जातील, अशी त्यांना भीती वाटते. शिवाय औषध थांबविणे सर्वांच्याच हिताचे असते असे नाही. इंग्लंडमध्ये, बरे वाटत असलेल्या ४७८ दीर्घकालीन रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांचा आजार वर्षभरात परतला, तर थांबविणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांचा. ज्याला नैराश्याचे तीव्र झटके वारंवार येऊन गेले आहेत, त्याने औषध चालू ठेवणे यात कमीपणा नाही. मधुमेही इन्शुलिन घेतो, तसेच ते आहे.

परंतु याच प्रयोगाची दुसरी बाजू अशी की, थांबविणाऱ्यांपैकी शंभरांत ४४ जण वर्षभर ठीक राहिले. त्यांना आयुष्यभर गोळीशी बांधून ठेवण्याचे कारण काय? आणि सत्य सांगितल्याने रुग्ण पळतात हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. वस्तुतः माणूस पळतो तो फसविले गेल्याच्या भावनेने. ‘या औषधाची काही सवय लागत नाही, केव्हाही बंद करा’ असे सांगितले गेलेल्याला बंद केल्यावर चक्कर येते, तेव्हा त्याचा विश्वास त्या एका गोळीवरूनच नव्हे, तर साऱ्या मानसोपचारावरूनच उडतो, आणि तो अनुभव तो शेजारच्या दहा जणांना सांगतो. येथे शब्दांचा घोळही दूर केला पाहिजे. या औषधांचे व्यसन लागत नाही. त्यांची तल्लफ येत नाही, नशेसाठी मात्रा वाढवीत नेण्याची ओढ लागत नाही. शरीर मात्र त्यांच्याशी जुळवून घेते. या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे सांगण्यास दोन मिनिटे पुरतात. बाह्यरुग्ण विभागात ती दोन मिनिटे नसतात, हेच खरे दुखणे आहे.

करता येण्यासारखे

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ साली संमत झाला आणि मे २०१८ पासून अमलात आला. प्रस्तावित उपचार आणि त्याचे ज्ञात दुष्परिणाम यांची माहिती मिळण्याचा हक्क या कायद्याने रुग्णाला दिला आहे. औषध थांबविताना होणारा त्रास हा आता ज्ञात परिणामच आहे. तेव्हा तो सांगणे ही डॉक्टरची मेहेरबानी नसून कायद्याने पडलेले कर्तव्य आहे. पहिल्या चिठ्ठीवरच तीन ओळी लिहिता येतील: हे औषध साधारण किती काळ, फेरविचार केव्हा, आणि थांबवावयाचे झाल्यास मला भेटल्याविना नाही. याला पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट जवळच्या उपचाराची. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून कागदावर आहे. १९०१ साली स्थापन झालेले मनोरुग्णालय ठाण्यात आहे, शासकीय मध्यवर्ती रुग्णालय उल्हासनगरात आहे. बेलवलीच्या माणसाला मात्रेत अडीच मिलिग्रॅमची घट करण्यासाठी एक दिवसाचा पगार घालवावा लागू नये. मार्च २०२० मध्ये केंद्राने दूरध्वनीद्वारा वैद्यकीय सल्ल्याचे नियम केले. पूर्वी तपासलेल्या रुग्णाचा असा पाठपुरावा त्या मार्गाने सहज होऊ शकतो. आठवड्यातून एक दुपार औषध कमी करणाऱ्यांसाठी राखून ठेवणे शासकीय रुग्णालयाला अशक्य नाही. लहान मात्रेच्या गोळ्या किंवा मोजून घेता येणारे द्रवरूप औषध बाजारात आणण्याचा आग्रह औषध नियंत्रकांनी उत्पादकांकडे धरला पाहिजे. आणि औषधविक्रेत्याने दोन वर्षांची जुनी चिठ्ठी पाहून गिऱ्हाइकाला परत पाठविण्याऐवजी एक पट्टी देऊन ‘पुढच्या वेळी नवी चिठ्ठी आणा’ असे सांगितले, तर कायद्याचे अक्षर थोडे वाकेल. परंतु एकाएकी औषध तुटण्याचा धोका टळेल. नियमातच अशा आपत्कालीन पुरवठ्याची सोय केली तर तेही वाकविण्याची गरज राहणार नाही.

मराठी समाजाने मनोविकाराविषयी बोलण्याच्या दृष्टीने गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बरीच मजल मारली आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेचे त्यात मोठे श्रेय आहे. नैराश्यावरील ‘कासव’ हा सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा मराठी चित्रपट २०१६ या वर्षीच्या सुवर्णकमळाचा मानकरी ठरला, हीही त्याच प्रवासातील खूण. डॉक्टरकडे जाण्यात लाज नाही, एवढे आपण शिकलो. औषध घेण्यात लाज नाही, हेही हळूहळू शिकत आहो. आता पुढचा धडा शिकावयाचा आहे: औषध थांबविण्याची इच्छा होणे हा कृतघ्नपणा नव्हे, ते थांबविताना त्रास होणे हा दुबळेपणा नव्हे, आणि प्रयत्न करूनही थांबविता न येणे हा पराभव नव्हे.

आज ज्याच्या डब्यात गोळी आहे त्याने हा लेख वाचून ती उद्या बंद करू नये, हे पुन्हा बजावले पाहिजे. त्याने एवढेच करावे: पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारावे की, हे औषध मला किती काळ लागेल, आणि थांबवावयाचे झाल्यास कसे थांबवू. या प्रश्नाचे सावकाश बसून उत्तर देणारा डॉक्टर बदलापूरच्या गाडीने जाता येईल अशा अंतरावर असणे, ही सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेकडे करावयाची माफक मागणी आहे. ती मागण्यास आपण संकोच करता कामा नये.